सर्वेक्षणातली माणसे निवडली कशी, तेही छापा

महोदय,

‘पाच हजार जणांचे सर्वेक्षण’ अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. ती माणसे मिळवली कशी, हे मात्र त्यात नसते. बहुधा गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरवलेली असते. ज्याला विषयाची चीड किंवा आवड आहे तो ती भरतो; शेतमजूर बाईपर्यंत ती पोहोचतच नाही. संख्या वाढवून हा दोष जात नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने कौल घ्यायला सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, तरी रूझवेल्ट हरणार हा अंदाज साफ चुकला.

गावात काम करायचे तर मतदारयादीवर विसंबू नये. भाडेकरू आणि बाहेरगावचे मजूर तिच्यात सापडत नाहीत. आधी फिरून घरयादी करावी, वाड्या-वस्त्या आणि पालांसकट. ४४० घरांतून २२ हवी असतील तर अंतर २० येते. १ ते २० मधून चिठ्ठीने एक आकडा काढावा. ७ आला तर ७, २७, ४७ अशी घरे घ्यावीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही घरयादी करूनच ठरावीक अंतराने कुटुंबे निवडतात.

खरी गफलत पुढे होते. निवडलेल्या घराला कुलूप दिसले की सर्वेक्षक शेजारी शिरतो. दुपारी घरी सापडतात ती म्हातारी माणसे आणि गृहिणी. कामावर जाणारे निसटतात. म्हणून घर बदलू नये. निदान तीन फेऱ्या माराव्यात, त्यातली एक संध्याकाळी, एक सुटीच्या दिवशी. घरातही दार उघडेल त्यालाच प्रश्न विचारू नयेत. प्रौढांची नावे वयानुसार लिहून चिठ्ठी टाकावी. सरपंच किंवा आशाताईंची मदत ओळख करून देण्यापुरती घ्यावी. घरे त्यांनी सुचवली की ओळखीचीच येतात.

आणखी एक. ‘योजनेचा सर्व्हे आहे’ असा समज झाला की घरकुल किंवा रेशनच्या आशेने उत्पन्न कमी सांगितले जाते. हेतू काय, लाभ मिळणार नाही आणि नकार देता येतो, हे पहिल्याच मिनिटात स्पष्ट सांगावे. ज्याचा रोज बुडतो त्याला त्या वेळेचा मोबदला जरूर द्यावा.

आपणास विनंती, की अशा बातमीसोबत निवडीची पद्धत, निवडलेली घरे, मिळालेली उत्तरे, नकार आणि कुलूपबंद घरे यांचे आकडे छापावेत. ते मिळत नसतील तर मथळ्यात ‘महाराष्ट्राचे मत’ न म्हणता ‘लिंक भरणाऱ्यांचे मत’ म्हणावे.

– क्षेत्रीय सर्वेक्षणाचे प्रशिक्षक, पुणे