बेलम गुहांविषयी मित्रास पत्र

कोल्हापूर

प्रिय सुहास यास,
सप्रेम नमस्कार.

स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर लिंबाचा रस सांडला की पांढुरका डाग पडतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही, हे काकूंकडून तू अनेकदा ऐकले असशील. आंध्र प्रदेशातील बेलम गुहा पाहताना त्या डागामागचे कारण माझ्या मनात पहिल्यांदा स्पष्ट झाले. कडप्पा हा त्याच भागातला चुनखडक, आणि चुनखडक आम्लाने विरघळतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. तेवढ्या सौम्य आम्लाने, अगणित पावसाळ्यांत, जमिनीच्या पोटात ३,२२९ मीटर लांबीची भुयारे कोरून काढली आहेत.

आपली तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस ताडिपत्रीला थांबते. तेथून या गुहा सुमारे ३० किलोमीटरवर आहेत. गुहा म्हटली की डोंगर चढायचा, ही आपली सवय; येथे मात्र सपाट जमिनीत विहिरीसारखी विवरे आहेत आणि त्यांतल्या मधल्या विवरातून पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये या गुहांची नोंद केली, १९८२-८३ मध्ये जर्मन संशोधकांनी त्यांची मोजणी केली, आणि २००२ पासून साधारण दीड किलोमीटरचा भाग पर्यटकांसाठी खुला आहे.

पांडवदऱ्याच्या लेण्यांत आपण भिंतीवरून हात फिरवत छिन्नीचे घाव शोधत असू, ते तुला आठवत असेल. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये पोकळी हवी असेल तर माणसालाच छिन्नी उचलावी लागते. बेलमच्या भिंती मात्र वाहत्या पाण्याने घोटून गुळगुळीत केल्या आहेत, आणि त्यांच्या वळणांवरून एके काळी प्रवाह कोठून कोठे गेला असेल, हे नजरेने ताडता येते. कोटिलिंगालू नावाच्या दालनात तर छतापासून खाली उतरलेल्या लवणस्तंभांची इतकी दाटी आहे, की मी तेथे बराच वेळ नुसता उभा राहिलो. जे पाणी खडक विरघळवते, तेच छतातून ठिबकताना कार्बन डायऑक्साइड गमावते आणि विरघळलेला चुना तेथेच सोडून देते. अशा थेंबाथेंबाने हे स्तंभ वाढतात. ही वाढ सामान्यतः वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे बोटभर लांबीला शेकडो वर्षे लागतात.

म्हणूनच सप्तस्वरांच्या दालनातला प्रकार मला मुळीच रुचला नाही. तेथील लवणस्तंभांवर बोटाने किंवा काठीने टकटक केली की धातूसारखा नाद उमटतो, आणि येणारा जवळजवळ प्रत्येक जण तो काढून पाहतो. नाद खरोखरच गोड आहे, परंतु हाताचा तेलकटपणा जेथे बसतो तेथे नवा चुना नीट धरत नाही, आणि तुटलेले टोक आपल्या कितीतरी पिढ्यांत भरून येणारे नाही. माझ्या मते तेथे कठडा घालावा आणि तो नाद ध्वनिमुद्रणातून ऐकवावा. तुझे मत अवश्य कळव.

सर्वांत खोल ठिकाण म्हणजे पाताळगंगा, प्रवेशद्वाराच्या पातळीपासून ४६ मीटर खाली. तेथे एक बारीक झरा वाहतो आणि जमिनीत नाहीसा होतो. आत उकाडा आणि दमटपणा फार आहे. हवेसाठी झरोके केले असले तरी घामाने कपडे भिजतात. तेव्हा तू जाशील तो हिवाळ्यातच जा, सुती कपडे घाल आणि काकूंना गुडघ्यांचा त्रास असेल तर पाताळगंगेपर्यंत नेऊ नकोस. नाताळच्या सुट्टीत येणार असलास तर लवकर कळव, म्हणजे हरिप्रियाची तिकिटे मी येथूनच काढून ठेवतो.

तुझा,
अविनाश