बेलफ्लॉवरचं बी पाठवतोय

नेपरव्हिल, इलिनॉय
ऑक्टोबर

प्रिय मंदार,

तुझं बेलफ्लॉवर फुलून वाळून गेल्याचं पत्रात वाचलं, सोबतचा अंगणाचा फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच लिहायला बसलो. कुंपणाशी माजलेलं ते जांभळं झाड ठेवू नकोस. त्यालाही बेलफ्लॉवरच म्हणतात, पण ते क्रीपिंग बेलफ्लॉवर. युरोपातून बागांसाठी आलं आणि आता तुमच्या मिनियापोलिसमध्ये अंगणोअंगणी पसरलंय. त्याची फुलं दांड्याच्या एकाच बाजूला माना खाली घालून लोंबतात. उपटायला गेलास तर देठ हातात येतो आणि मूळ जमिनीतच राहतं. वरच्या बारीक मुळांच्या खाली, खूप खोल, मुळ्यासारखी जाड पांढरी मुळं असतात आणि त्यांचा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. माती ओली असताना फावड्याने खोल खणून काढ, आणि कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नकोस.

तुला हवंय ते इथलं मूळचं उंच बेलफ्लॉवर, शास्त्रीय नाव कॅम्पॅन्युलास्ट्रम अमेरिकॅनम. ऑन्टारिओपासून फ्लोरिडापर्यंत रानांच्या कडेला, ओढ्यांच्या काठी आपसूक उगवतं. जागा मानवली तर तुझ्याएवढं उंच होतं. फूल चपटं, चांदणीसारखं, निळसर जांभळं, आत पांढरं कडं. मधली कुक्षी, म्हणजे फुलाचा स्त्री-अवयव असलेली लांब काडी, आधी खाली झुकते आणि टोकाशी वर वळते. एकदा ती बघितलीस की दुसऱ्या कुठल्याही फुलाशी तुझी गल्लत होणार नाही.

जुलैत सकाळी त्याच्यापाशी थोडा वेळ उभा राहा. कळी उमलण्याआधीच परागकण कुक्षीच्या दांड्यावरच्या केसांना लागलेले असतात, त्यामुळे फूल उघडलं की दांडाच परागांनी माखलेला दिसतो. भुंगे, बारीक माश्या ते पराग नेतात, आणि मगच टोक तीन भागांत उकलून दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार होतं. झाडाच्या डिंकाने (रेझिनने) घरटं करणारी एक छोटी काळी रेझिन मधमाशी तर मुख्यतः याच कुळातल्या फुलांवर जगते. आपल्या महाबळेश्वरच्या वाटेवरची धवल आठवते? उंच दांडा, पांढरी फुलं? तीही याच कुळातली. तिच्यातही पराग बाहेर ढकलायचं काम कुक्षीच करते. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आता मुख्य गोष्ट. फुलून बी धरलं की हे झाड मरतं. ‘इतकं जपलं तरी गेलं’ असं तू लिहिलंस, पण मंदार, त्यात तुझं काहीच चुकलं नाही, त्याचं आयुष्यच तेवढं. शरदात रुजलेलं रोप जमिनीलगत पानांचा झुबका करून बर्फाखाली हिवाळा काढतं आणि पुढच्या उन्हाळ्यात फुलतं. वसंतात रुजलेलं मात्र पहिला उन्हाळा नुसत्या झुबक्यावरच काढतं आणि त्याच्या पुढच्या वर्षी फुलतं. म्हणून सलग दोन वर्षं बी टाक, म्हणजे दर उन्हाळ्यात काही ना काही फुलत राहील. आणि वाळलेले दांडे लगेच कापू नकोस. बोंडांना वरच्या बाजूला छिद्रं असतात. वाऱ्याने दांडा हलला की तिथून बी झडतं, बरंचसं जवळपासच.

हे जवळ पडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. २००७ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात याच झाडावरचं एक संशोधन आलं होतं. आई सावलीत वाढली की मोकळ्या उजेडात, यावर पिल्लं केव्हा रुजणार आणि एका वर्षात फुलणार की दोन, हे बरंचसं ठरतं. आईला मिळाला तसाच उजेड मिळाला, तर वेगळा उजेड मिळालेल्यांपेक्षा त्यांची संख्या वाढण्याचा अंदाजी वेग तिपटीहून जास्त निघाला. तेव्हा एकेक रोप जपण्यापेक्षा त्यांची जागा जप. दर वर्षी वाफा हलवू नकोस, सावली देणाऱ्या झाडाच्या फांद्या उगाच छाटू नकोस, आणि आपोआप आलेली रोपं तण समजून उपटू नकोस.

सोबतचं बी माझ्या ओकखालचं आहे, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली खाल्लेलं. तसाच कोपरा निवड, ओल धरणारा. पालापाचोळा बाजूला कर, बी उघड्या मातीवर भुरभुर आणि हाताने नुसतं दाब. वर माती लोटू नकोस, त्याला रुजायला उजेड लागतो. थंडीची काळजी नको, फुलण्यासाठी रोपाला ती हवीच असते. ससे आणि हरणं मात्र कोवळे शेंडे खातात, तेव्हा पहिल्या वर्षी भोवती जाळी लाव. भर उन्हाळ्यात पाऊस लांबला आणि पानं पिवळी पडू लागली, तर मुळाशी पाणी दे.

जमीन गोठण्याआधी पेरून टाक. क्रीपिंगवालं कुंपणापाशी आहे, तिथे मात्र निदान दोन उन्हाळे काही लावू नकोस, राहिलेल्या मुळांचे फुटवे दिसतील तसे काढत राहा. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश