‘यशस्वी’ दाखवलेले ५५,६५० रुपये माझ्या खात्यात आलेले नाहीत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रमी ॲप कंपनी

तुर्भे, नवी मुंबई
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

विषय : १८ ऑगस्ट रोजी टाकलेल्या विड्रॉलची रक्कम न मिळाल्याबाबत व यूटीआर नंबर (बँकेतून गेलेल्या रकमेचा ओळख क्रमांक) मिळण्याबाबत

महोदय,

मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर मेहताजी आहे. तुमच्या ॲपवर दोन वर्षे रमी खेळत होतो. हरलेल्या पैशांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ही तक्रार फक्त माझ्या वॉलेटमध्ये शिल्लक असलेल्या आणि तुम्ही ‘दिले’ म्हणून दाखवत असलेल्या रकमेची आहे.

१८ ऑगस्टला रात्री पावणेअकराच्या सुमारास मी ६१,५०० रुपयांचा विड्रॉल टाकला. या आर्थिक वर्षात मी एकूण ४२,००० रुपये भरले होते आणि त्याआधी एकही विड्रॉल घेतला नव्हता. म्हणजे निव्वळ जिंक १९,५०० रुपयांची. तिच्यावर ३० टक्क्यांप्रमाणे ५,८५० रुपये टीडीएस कापून ५५,६५० रुपये मिळतील, असे तुमच्याच ॲपने त्या रात्री दाखवले. हिशोब बरोबर आहे, मी तो कागदावर पुन्हा करून पाहिला. कर कापल्याबद्दलही माझे काही म्हणणे नाही.

आज ९८ दिवस झाले. पैसे भरताना पाचशे असोत की हजार, यूपीआयचा पिन टाकून मोबाइल खाली ठेवेपर्यंत रक्कम वॉलेटमध्ये दिसायची. रात्री दोन वाजता भरले तरी दिसायची. त्याच कंपनीला पैसे परत द्यायला तीन महिने पुरत नाहीत, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

विड्रॉल आठ दिवस ‘प्रक्रियेत’ होता. २६ ऑगस्टला त्याच्यासमोर हिरवी खूण आली आणि ‘यशस्वी’ असे लिहून आले. त्याच्या खाली ‘यूटीआर’ अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे नंबराच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. ती रेघ आजही तशीच आहे, स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. माझी सगळी तक्रार त्या एका रेघेत आहे.

तुमच्या चॅटवरच्या माणसाने सांगितले, ‘आमच्याकडून पैसे गेले, तुमच्या बँकेत विचारा.’ मी अर्धा दिवस रजा टाकून शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी पासबुक भरून दिले आणि १८ ऑगस्टपासूनच्या नोंदींवरून एकेक करत बोट फिरवले. पगार, लाइटबिल, किराणा, मुलीचा बसपास, सगळे होते. ५५,६५० कुठेच नव्हते. त्या म्हणाल्या, ‘यूटीआर आणा, दोन मिनिटांत सांगते. नंबराशिवाय मी काय शोधू?’ परत आल्यावर मी तुमच्याकडे नंबर मागितला, तर ‘तिकीट (तक्रारीची नोंद) वरच्या टीमकडे पाठवले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. तेच उत्तर मला आतापर्यंत सहा वेळा मिळाले आहे.

बँकेची चूक असती, तरीही पैसे असे मधेच राहत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार आयएमपीएसने (बँकेतून लगेच पैसे पाठवण्याच्या सोयीने) पाठवलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा होऊ शकली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत पाठवणाऱ्याच्या खात्यात आपोआप परत गेली पाहिजे. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. यूपीआयलाही असाच नियम आहे. म्हणजे पैसे खरोखर सुटले असते, तर एकतर माझ्या खात्यात आले असते किंवा २७ ऑगस्टपर्यंत तुमच्याकडे परत आले असते. दोन्ही ठिकाणी त्याची नोंद सापडली असती.

दुसरे उत्तर तुम्ही देता की नव्या कायद्यामुळे पैसे अडकले. ऑनलाइन गेमिंगचे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत आले, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. माझा विड्रॉल त्याआधीचा आहे. पैसे लावून खेळायचे खेळ चालवणे या कायद्याने बंद केले, खेळणाऱ्याची शिल्लक कंपनीने ठेवून घ्यावी असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. इतर कंपन्यांनी त्याच आठवड्यात खेळ थांबवले आणि शिल्लक काढण्याची सोय चालू ठेवली. आमच्याच मार्केटमधल्या दोघांना त्यांचे पैसे मिळाले. आणि तुमच्या बँकेने व्यवहार नाकारला असेल, तर त्याच्यापुढे ‘यशस्वी’ कसे येते?

मधे केवायसीच्या नावाने सेल्फी झाला, पॅन पुन्हा झाले, रद्द केलेला चेकही मी पाठवला.

आता मुख्य गोष्ट. या महिन्यात मी आयकराच्या पोर्टलवर माझा फॉर्म २६एएस (माझ्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता) उघडला. त्यात ऑनलाइन खेळांतल्या जिंकीवरच्या कराच्या कलम १९४बीएखाली तुमच्या कंपनीच्या नावावर १९,५०० रुपये आणि त्यावर ५,८५० रुपये टीडीएस दिसतो. तारीख १८ ऑगस्ट २०२५. म्हणजे तुम्ही सरकारला लिहून दिले आहे की या माणसाने जिंकलेली रक्कम आमच्याकडून काढून घेतली. हे पाहून मला रात्रभर झोप आली नाही. मला न मिळालेले उत्पन्न माझ्या विवरणपत्रात लागणार आहे. आमच्या गाळ्यावर शेतकऱ्याची हिशोबपट्टी मी स्वतः लिहितो. हमाली, तोलाई, गाडीभाडे कापून खाली निव्वळ रक्कम येते. पट्टीवर कपात लिहायची आणि खालची रक्कम द्यायचीच नाही, असे एकदा जरी झाले तर तो शेतकरी दुसऱ्या दिवशी गाळ्यासमोर उभा राहील, आणि त्याचे बरोबरच असेल.

आणखी एक गंभीर बाब. ११ ऑक्टोबरला मला तुमच्या कंपनीचे नाव सांगणारा फोन आला. त्याला माझ्या तिकिटाचा नंबर माहीत होता, ५५,६५० हा आकडाही माहीत होता. रक्कम सोडवायला पाच टक्के आधी भरा आणि मोबाइलची स्क्रीन शेअर करा, असे तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवले. हा आकडा माझी बायको, बँकेतल्या बाई आणि तुमची हेल्पडेस्क सोडून कोणालाच ठाऊक नव्हता. माझ्या जागी घाबरलेला दुसरा कोणी असता तर त्याचे खाते रिकामे झाले असते. ही माहिती बाहेर कशी गेली, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

हे पैसे मोठ्या मुलीच्या डिप्लोमाच्या फीसाठी ठेवले होते. फी सप्टेंबरमध्ये भरावी लागली, ती शेठकडून उचल घेऊन भरली. दर महिन्याच्या पगारातून ती कापली जात आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझी पहिली तक्रार २९ ऑगस्टची आहे. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत एकतर २६ ऑगस्टच्या व्यवहाराचा यूटीआर द्या, नाहीतर ५५,६५० रुपये व्याजासह माझ्या नोंदवलेल्या खात्यात जमा करा. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. पासबुक, २६एएस, चॅटचे फोटो असे सगळे कागद मी तारखेप्रमाणे लावून ठेवले आहेत. टीडीएसबाबत आयकर विभागालाही वेगळे कळवणार आहे.

उत्तर कृपया ईमेलवर द्यावे, चॅटवर नको. तुमची चॅटची खिडकी बंद झाली की आधीचे बोलणे दिसेनासे होते.

आपला,
नोंदणीकृत खातेदार
(मोबाइल व खाते क्रमांक तिकिटात नमूद)