चष्मा पुसणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात माझा फोटो लागला. बारा बाय अठरा, मॅट प्रिंट, दारातून आत शिरलं की डाव्या हाताला. गुडघ्यांमुळे तुम्हाला यायला जमलं नाही, म्हणून तिथे उभं राहून जे बोलायचं होतं ते आता लिहिते आहे. आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण दुकानात येऊन बोलायला लागले तर तुम्ही "असू दे की, त्यात काय एवढं" म्हणून झेरॉक्सचं मशीन चालू कराल.

तुमच्याकडे येण्याआधी मी रीतसर शिकून आले होते. ते लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट पाहून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात, ते मला दिसलं होतं. पुण्यातल्या एका नावाजलेल्या फोटोग्राफरची शनिवार-रविवारची कार्यशाळा. फी भरताना पतसंस्थेतला पगार डोळ्यांसमोर येत होता, तरी भरली. पहिला दिवस सरांच्या लडाखमध्ये आणि ताडोबाच्या वाघांमध्ये गेला. दुसरा दिवस कुठली लेन्स घेतली की काय जमतं, यात गेला. शेवटी आमचे फोटो बघणार होते, आणि मी खरी गेले होते ती त्यासाठीच. सरांनी माझा मोबाईल हातात घेतला, अंगठ्याने भराभरा फोटो सरकवले आणि विचारलं, "लेन्स कुठली?" म्हटलं, अठरा-पंचावन्न. "किट लेन्स. मग काय बोलणार." म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी लेन्स. मोबाईल परत. वर, हौसेपुरता मोबाईलसुद्धा वाईट नाही हो मॅडम, हा सल्ला. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय ते वेगळंच.

नंतर रात्री जेवणं उरकल्यावर व्हिडिओ पाहिले. तिथे जो तो टिपा वाटत असतो. चौकटीचे तीन भाग कसे पाडायचे ते पाठ झालं. मावशीच्या गुऱ्हाळावर गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला मी अगदी नेमका डाव्या रेघेवर बसवला, तरी फोटोत जीव येईना. का येईना, ते सांगणारं कोणी नव्हतं.

तुमच्या स्टुडिओत मी आले ते बाबांचे पासपोर्ट फोटो न्यायला. पर्समधून पावती काढताना गुऱ्हाळाचे चार बाय सहाचे प्रिंट बाहेर आले. "हे काय वो ताई?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, काही नाही, असेच काढलेत. तुम्ही हात पुढे केलात, आणि मग थांबलात. डोळ्यांवरचा चष्मा काढलात. शर्टाच्या टोकाने आधी एक काच पुसली, मग दुसरी. उजेडाकडे धरून डाग राहिलाय का ते पाहिलंत, एका काचेवरून पुन्हा कापड फिरवलंत. मग चष्मा चढवून पहिला प्रिंट उचललात आणि ट्यूबलाइटखालून निघून दारातल्या उजेडात जाऊन उभे राहिलात. झेरॉक्सला आलेला कॉलेजचा पोरगा मागे खाकरत होता. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत.

काका, नंतर तुम्ही मला पुष्कळ शिकवलंत, पण माझ्यासाठी सगळं त्या चष्म्यापाशी सुरू होतं. माझा फोटो बघायचा म्हणून कोणीतरी आधी आपली काच स्वच्छ करून घेतं, ही गोष्ट मला नवीन होती. तुम्ही वाहवा केली असतीत तर मी घरी जाऊन विसरले असते. वाहवा घरचेही करतात, "छान आहे" म्हणतात आणि फोन परत देतात. तुम्ही तर वाहवा केलीच नाहीत. म्हणालात, "वाफ मळकी आलीया." आणि मग लेन्सबद्दल एक अक्षर न विचारता, "ह्यो माणूस कोण?"

सांगितलं, मावशीच्या गुऱ्हाळावर वर्षानुवर्षं तेच गुळव्या आहेत. तुम्ही म्हणालात, "मग फोटो दिला का त्यांना?" मी गप्प. तुम्ही तिथल्या तिथे माझं कार्ड घेऊन आठ बाय बाराचा प्रिंट काढलात, खाकी पाकिटात घातलात आणि पैसे घेतले नाहीत. "आधी हे देऊन या. मग बघू."

त्या पाकिटानंतर गुऱ्हाळावर माझी जागाच बदलली. तोवर मी उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीपासून लांब, चिपाडाच्या ढिगाजवळ उभी असायचे आणि मधे येऊ नका म्हणून ओरडा खायचे. गुळव्या मामांनी प्रिंट बायकोला दाखवला, मुलाला दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी मलाच हाक मारून बोलावलं: "आता बघा, पाक गोळीवर आला की वाफ कमी हुतीया, तवा तोंड दिसंल." दोन दिवसांच्या कार्यशाळेत कोणाला हे सांगता आलं असतं? फोटो कधी काढायचा हे ज्याचा फोटो काढायचा त्यालाच ठाऊक असतं, आणि तो ते सांगेल इतकं त्याच्याशी नातं हवं. तुमच्या डोक्यात हे होतं की तुम्हाला नुसतं त्या माणसाला फोटो मिळावा असं वाटत होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. बहुतेक दुसरंच.

मळक्या वाफेचं गणित मात्र तुम्ही नीट सोडवून दिलंत. कॅमेऱ्यातला उजेडाचा मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीच्या हिशोबाने मोजतो. चौकटभर पांढरी वाफ आली तर तिलाही राखाडी करून ठेवतो, काळीकुट्ट काहिल आली तर तिला उगाच उजळ करतो. म्हणून वाफेला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवायचा, काहिलीला कमी करायचा. आणि उजेड पाठीमागून घ्यायचा, म्हणजे सकाळचं तिरपं ऊन दारातून वाफेत शिरतं आणि मागच्या अंधारावर ती उठून दिसते. तुम्ही हे वहीत लिहून दिलं नाहीत. काउंटरवर उदबत्ती लावलीत, मागे काळी फाइल धरलीत आणि बॅटरी एकदा पुढून, एकदा मागून मारलीत. बॅटरी मागे गेल्यावर धूर असा काही उजळला की मी ओरडलेच. तेवढ्यात एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आल्या, त्यांनी आपल्या दोघांकडे कसं पाहिलं ते आठवून मला अजून हसू येतं.

किट लेन्सचं रडगाणं मी तुमच्यापुढे एकदाच गायले. तुम्ही म्हणालात, "बाबूराव पेंटरांनी सिनेमा काढायला ह्याच गावात कॅमेरा स्वतः तयार केला, १९१८ साली. तुम्हाला आयता मिळालाय." विषय संपला. तुम्ही स्वतः यशिका कॅमेऱ्यावर लग्नं काढलीत, १२० च्या फिल्मच्या एका रोलमध्ये फक्त बारा फोटो. अंतरपाट बाजूला व्हायच्या क्षणी रोल संपलेला चालत नाही, म्हणून कोणता फोटो काढायचा नाही हे आधी ठरवावं लागायचं, असं सांगितलंत. मला ते फार कामाला आलं. आता मी गुऱ्हाळावर कमी फोटो काढते आणि जास्त वेळ नुसती उभी राहते.

मुंबईला लग्नाला निघाले होते तेव्हा तुम्ही बजावलंत, जहांगीर आर्ट गॅलरीला जाऊन या, आणि एनसीपीए या कलाकेंद्रात पिरामल गॅलरी आहे, ती खास फोटोंसाठीच केलेली आहे, तीही बघा. कसं बघायचं तेही सांगितलंत. खालची पाटी आधी वाचायची नाही. लांबून बघायचं, मग जवळ जाऊन डोळ्यांच्या बाहुलीतला पांढरा ठिपका शोधायचा: चौकोनी असला तर खिडकी नाहीतर सॉफ्टबॉक्स म्हणजे दिव्यावरची कापडी पेटी, गोल असला तर स्टुडिओतल्या दिव्याची छत्री, वरच्या अंगाला असला तर उजेड वरून. एकदा हे कळल्यावर गौतम राजाध्यक्षांनी काढलेले चेहरे मी घरी नव्याने पाहिले. इतकी वर्षं नट्याच बघत होते, उजेड आता दिसला. होमाई व्यारावालांबद्दलही तुमच्याकडूनच ऐकलं. देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेली, आणि सुरुवातीचे फोटो छापून आले नवऱ्याच्या नावाने! "तुम्ही तुमचं नाव घाला खाली," तुम्ही म्हणालात. घातलंय. आडनावही बरोबर आहे.

तुमच्या स्वतःच्या निगेटिव्हचं मला काकूंकडून कळलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची रेषा ४३ ची. शाहूपुरीतल्या दुकानात पाणी शिरलं, जिलेटिनचा थर फुगून निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या आणि अर्ध्या गावाची लग्नं त्यात गेली. तुम्ही हे कधी बोलला नाहीत. इतकं गमावलेला माणूस कोणा अनोळखी बाईच्या चार बाय सहाच्या प्रिंटसाठी चष्मा पुसतो, तेव्हा मला त्या पुण्याच्या सरांचा राग यायचाही बंद होतो. खरं म्हणजे पूर्ण बंद होत नाही. थोडा येतोच.

आमच्या पतसंस्थेत मी रोज बघते. खिडकीवर आलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पासबुक न उघडताच "उद्या या" म्हणणारे सुशिक्षित आहेत, आणि त्याच माणसाला खुर्ची सरकवून देऊन त्याची पावती वाचून दाखवणारा शिपाईही आहे. माहिती दोघांकडे सारखीच असते. समोरच्याकडे नीट बघायला मिनिटभर लागतं, आणि तेवढं मिनिट देणारी माणसं मोजकी निघतात. त्यांची नावं कुठल्या सर्टिफिकेटवर नसतात, दुकानाच्या पाटीवर असतात, आणि आता त्या पाट्यांवर 'झेरॉक्स, लॅमिनेशन' हे स्टुडिओपेक्षा मोठ्या अक्षरात लिहावं लागतं.

प्रदर्शनातला प्रिंट गुळव्या मामांनी आधीच मागून ठेवलाय, तो त्यांच्याकडे जाईल. तुमच्यासाठी दुसरा केलाय. पैशांचं बोलायचं नाही; तुम्ही तरी कुठे घेतलेत.

आणि एक काम आहे. काकू म्हणतात, जन्मभर गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा घरात एक धड फोटो नाही, लग्नातलासुद्धा हललेला आहे. मी रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन येते. दारातल्या उजेडात बसायचं, फ्लॅश नाही. मिशीला कलप लावू नका. आणि फोटोत चष्मा हवाय, तेव्हा आरशात बघून तो काढून ठेवायचा नाही.

तुमची,
पतसंस्थेतली ताई