पोशाख नकोत, माणसं बोलव

कोपनहेगन
डिसेंबर

चि. वर्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सोलापूरच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा बेत वाचला. सहावी-सातवीच्या मुलांना निरनिराळ्या समाजांचे पोशाख घालायचे, मागे गाणं लावायचं आणि निवेदिकेने सांगायचं, हा तेलुगू, हा कानडी, ही बंजारा. माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट लिहिते, हे करू नकोस. पोशाख भाड्याने मिळतो, पण त्याला काही विचारता येत नाही. तुझ्या वर्गातली कितीतरी मुलं घरी तेलुगू, कानडी नाहीतर उर्दू बोलतात. त्यांच्याच घरच्यांना बोलव आणि त्यांना बोलू दे.

हे मला सुचलं ते इथल्या ह्यूमन लायब्ररीमुळे. २००० साली इथल्या रोस्किल्ड महोत्सवात ही सुरू झाली, आता ८० हून अधिक देशांत पोचली आहे. पुस्तकाऐवजी माणूस वाचायला घ्यायचा. समोर बसायचं आणि अर्धा तास काय वाटेल ते विचारायचं. बसतात तेही असे, ज्यांच्याबद्दल लोक ऐकीव गोष्टींवरून मत करून मोकळे झालेले असतात: निर्वासित, अंध, तुरुंगातून सुटलेले, मनाच्या आजाराशी झगडणारे.

मी गेले तेव्हा आमच्या टेबलावर ग्रीनलंडच्या एक बाई होत्या, साठीच्या. माझ्या शेजारी विशीतला एक डॅनिश मुलगा. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही ग्रीनलंडचे लोक एवढी दारू का पिता?" माझ्या पोटात गोळा आला. बाई मात्र चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझे वडील प्यायचे. मी पीत नाही. कुणाबद्दल ऐकायचंय?" मुलगा लाल झाला, पण उठला नाही. "वडिलांबद्दल सांगा," म्हणाला. मग त्या वडिलांच्या होडीबद्दल, सील प्राणी सोलायच्या पद्धतीबद्दल आणि गाव बंद झाल्यावर ते कसे गप्प झाले त्याबद्दल बोलत राहिल्या. दारू त्यात शेवटी आली, अगदी थोडी.

तिथून आल्यावर मी ग्रीनलंडबद्दल बरंच वाचलं. १९५१ साली डॅनिश सरकारने तिथली २२ लहान मुलं ‘चांगलं शिक्षण’ देण्यासाठी इकडे आणली. ती आपली भाषा विसरली. परत पाठवलेल्यांनाही घरी न सोडता अनाथाश्रमात ठेवलं. पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०२० मध्ये. त्या मुलांमधली काही माणसं म्हातारपणीही आपली गोष्ट सांगत राहिली, म्हणून एवढं तरी झालं.

आणि वर्षा, आपल्याकडे काय कमी आहे? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरातली सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वस्ती, त्यातूनच झाली: तारेचं कुंपण, रोजची हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तिथे वाढलेल्यांची नातवंडं आज शाळेत आहेत, एखादं तुझ्याही वर्गात असेल. त्या घरात आजोबा असतील तर त्यांनी सांगितलेलं इतिहासाच्या पुस्तकात कुठून मिळणार? पण ते ‘हो’ म्हणाले तरच. ‘नाही’ म्हणाले तर एका शब्दाने आग्रह करू नकोस. आपली जखम चारचौघांत उघडायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं.

पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांना मात्र नक्की विचार. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि मापात कापलेली पानं, बोलता बोलता बोटं चालूच. हे सगळ्या सोलापूरने पाहिलंय. पण हजार विड्यांमागे मजुरी किती, कारखान्यात माल तपासणारा किती विड्या नापास करून बाजूला काढतो, त्या विड्यांचं पुढे काय होतं, हे त्यांच्या तोंडून मुलांना कळू दे. आजी तेलुगूतच बोलू दे, मराठीत सांगायला तिचा नातू उभा कर. मराठीचा आग्रह धरलास तर ती दोन वाक्यांत आटपून घरी जाईल. आणि हे विसरू नकोस: ती शाळेत आली की तिच्या त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. तेवढे पैसे आधी हातात द्यायचे, मानधन म्हणून, सगळ्यांसमोर नाही. ते मी पाठवते.

एका समाजातून एकच माणूस बोलावू नकोस, दोन बोलव, जमलं तर एकमेकांशी न पटणारे. एकटा आला की मुलं त्यालाच अख्खा समाज समजतात. एक पद्मशाली विणकर म्हणेल, चादरीचा माग पोराच्या हाती देणार. दुसरा म्हणेल, माझ्या पोराने मागाकडे फिरकूसुद्धा नये. दोघंही खरं बोलत असतील.

भाषण, हार-तुरे, पेपरात फोटो, यातलं काही नको. पाच-सहा मुलांचा गट, मध्ये एक पाहुणा. प्रश्न मुलांनी आधी लिहून आणायचे, पण तू ते गाळायचे नाहीत. अवघड प्रश्न आला तर पाहुण्याला ‘पुढचा विचार’ म्हणायची मोकळीक हवी, एवढंच.

तुमच्या मुख्याध्यापकांना भीती वाटेल की यातून वाद होतील. त्यांना म्हणावं, १२ जानेवारीला आपण ज्या चार हुतात्म्यांना हार घालतो ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १९३१ साली येरवड्यात फासावर गेले ते एकत्रच. त्या चार घरांतली मुलं आज आपल्या शाळेत एका बाकावर बसतील का, आणि बसली तर एकमेकांना काय विचारतील, हे पाहणं शाळेचंच काम आहे.

तारीख हुतात्मा दिन आणि गड्ड्याच्या जत्रेच्या गडबडीत धरू नकोस, तेव्हा कुणालाच सवड नसते. जानेवारीच्या शेवटचा शनिवार बघ. बाबांना विचार, जुन्या मिलमध्ये काम केलेलं त्यांच्या ओळखीचं कोणी बोलायला तयार आहे का. आणि किती घरांना विचारायचंय ते रविवारी फोनवर सांग, म्हणजे मला पैशांचा हिशेब लावता येईल.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई