मोठा बोर कोणता, हे नका विचारू

संपादक साहेब, नमस्कार.

रिव्हॉल्वरचं लायसन्स मंजूर झालं की आपल्या नागपुरातला माणूस पहिला प्रश्न हाच विचारते, की मोठ्यात मोठा बोर, म्हणजे नळीच्या भोकाची जाडी, कोणता मिळेल. मी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पोरापोरींना पिस्टल शिकवतो, त्यामुळे असे फोन मलाही येतात, आणि दरवेळी मी सांगतो की भाऊ आधी राउंड (काडतूस) कोणता मिळते, केवढ्याला मिळते आणि तुमच्या हाताला काय झेपते ते पहा, बोर त्याच्यातूनच ठरते.

तसंही आपल्याकडे निवडायला फार काही नाही. 9 एमएम प्रतिबंधित बोर आहे, सामान्य माणसाला मिळत नाही. राहिले मुख्यतः .32 आणि .22 (हे आकडे इंचातले). कोणी जुनी विलायती, वेगळ्याच बोरची वस्तू सेकंडहँड घेऊन येते, दिसायला झकास असते पण राउंडसाठी गावोगाव फोन लावत बसावं लागते, मग ती कपाटातच राहते. आणि .32 म्हटलं तरी सगळे .32 एक नाहीत हे कित्येक लायसन्सवाल्यांना माहीतच नसते. कानपूरच्या सरकारी फॅक्टरीच्या रिव्हॉल्वरला .32 लाँग लागते, लांब, मागे कडा असलेलं काडतूस, पिस्टलला लागते ते आखूड .32 एसीपी. दुकानात नुसतं ‘.32 द्या’ म्हणून भागत नाही. काही लोक म्हणतात आपल्या अंबाझरीला आयुध फॅक्टरी आहे ना, मग गोळ्यांची काय चिंता, पण अंबाझरीचं काम तोफेच्या गोळ्यांच्या शेलचं, आपल्या .32 च्या बुडावर ‘केएफ’ कोरलेलं असते ते पुण्याच्या खडकी फॅक्टरीचं.

खर्चाचं म्हणाल तर .22 ला तोड नाही. साधारण अडीच ग्रॅमची शिशाची गोळी, चिमूटभर दारू, पातळ केस (राउंडचं धातूचं टरफल), आणि जगभर सरावासाठी हाच राउंड बनतो. राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्टलचं गोल्ड आणलं तेही .22 वरच. याचा एक दोष आहे, बारूद पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असते म्हणून कधीमधी राउंड फुटत नाही, तेव्हा नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडून पाहायचं नाही.

आता हाताचं. 2014 मध्ये कानपूरहून निर्भीक नावाचं .32 चं रिव्हॉल्वर आलं, साधारण अर्ध्या किलोचं, बायकांसाठी हलकं म्हणून त्याची जाहिरात झाली आणि किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. पर्समध्ये न्यायला हलकं बरंच, पण बार उडाल्यावर तेवढीच हलकी वस्तू हातात जास्त उसळते, हे कोणी काऊन सांगत नाही? लहान पंजाच्या बाईला किंवा साठी ओलांडलेल्या माणसाला जरा वजनदार स्टीलचं रिव्हॉल्वर सोपं जाते. बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचते का, हॅमर (मागचा घोडा) न ओढता ट्रिगर पूर्ण दाबता येते का, मे महिन्यात तळहाताला घाम सुटला की ग्रिप फिरते का, एवढं तरी घेण्याआधी तपासा. मी शिकवताना सिलिंडरमध्ये, म्हणजे राउंड भरायच्या फिरत्या चकतीत, जिवंत राउंडांसोबत एखादा रिकामा केस घालून देतो. त्याच्यावर नुसता ‘टक’ आवाज येते आणि नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते, म्हणजे माणूस धक्क्याच्या भीतीने आधीच मनगट दाबून राहिला आहे, डोळेही मिटलेले असतात. ही भीती मोठ्या बोरने जात नाही, वाढते. .22 वर भरपूर राउंड मारले की जाते.

.22 ची ताकद कमी आहे हे मान्य, संरक्षणासाठीच घ्यायचं असेल तर .32 चं स्टीलचं रिव्हॉल्वर घ्या, मी विरोध करत नाही. पण वर्षाला किती राउंड घेता येतील ते लायसन्सवर लिहिलेलं असते, त्यातले निम्मे तरी रेंजवर मारायची तयारी असेल तरच घ्या. पहिल्या वर्षी घेतलेली डबी सीलबंद ठेवून पाच वर्षांनी रिन्युअलला जाणारे लोक मी पाहतो आणि मला खरंच काळजी वाटते, घरात लेकरं असतात, शेजारी असतात, आणि ज्याच्या हातात ती वस्तू आहे त्याला ती कुठे मारते हेच माहीत नाही.

2016 च्या शस्त्र नियमांनुसार लायसन्ससाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट लागते. माझी पोलीस आयुक्तालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय दोघांनाही विनंती आहे की या प्रशिक्षणात प्रत्येकाला रेंजवर .22 आणि .32 दोन्ही स्वतःच्या हाताने चालवायला लावा, आणि कोणता बोर घ्यायचा ते त्यानंतरच अर्जात लिहू द्या. शहरातल्या रेंजवाल्यांनी त्यासाठी दोन्ही बोरचे राउंड ठेवावेत, शिकवायला आम्ही कोच लोक रविवारी फुकट येऊ.

– एक पिस्टल कोच, नागपूर