पायपेटी पाठवू का?

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

नागपूरला पोचल्याचा तुझा फोन पप्पांना आला. माझ्याशी बोलली नाहीस. डब्यातली चटणी सांडली नाही ना?

त्या दिवशी दफनविधीनंतर मी तुला सगळ्या क्वायरसमोर बोलले, ते चुकलं. घरी येऊन सांगायला हवं होतं. पण ओळ संपली तरी तू हात उचलत नव्हतीस गं. ऑर्गनचं काय, पट्टी दाबून ठेवली की तो वाजतच राहतो, दम लोकांना लागतो. पहिल्या बाकावर त्या मुलाची आई होती. तिला हुंदका आवरून पुढचा शब्द म्हणायचा होता, तोवर तू दुसऱ्या ओळीवर. बघ, पुन्हा सुरू झाले मी. राहू दे.

तिथे चर्च सापडलं का? वाजवायला मिळतं का, हे विचारणार नव्हते.

नाना वाजवायचे तेव्हा मागे भाता मी मारायचे. नऊ वर्षांची असेन. दांड्याशेजारी दोरीला शिशाचा गोळा लोंबायचा. हवा भरली की तो खाली यायचा, संपत आली की वर चढायचा. त्याच्यावरून नजर हलवायची नाही. एका रविवारी मी पेंगले आणि ‘पवित्र, पवित्र, पवित्र’च्या मध्येच सगळे सूर कण्हत खाली बसले. मंडळी गप्प. नाना ओरडले नाहीत. उपासना झाल्यावर मागे आले, माझे तळहात उलगडून फोड बघितले आणि म्हणाले, हे गीत लिहिणाऱ्या बिशप हेबरनंच पुण्याच्या कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चचं समर्पण केलं, १८२५ साली. पुढचा आठवडाभर मी शाळेत सगळ्यांना तेच सांगत होते.

मला नानांसारखं गप्प राहता आलं नाही. त्याचंच मनाला लागून राहिलंय. माझ्या एका वाक्यापायी तू वाजवणं सोडलंस तर?

पावसाळ्यात लाकूड फुगून एखादी पट्टी वर यायचीच नाही, तर नाना तो सूर चुकवून अख्खं गीत वाजवायचे. रेव्हरंड टिळकांची भजनं आली की मात्र चार-चार सूर लावायचे नाहीत. डाव्या हाताने सा आणि प धरून ठेवायचे, बाकी मंडळीवर सोडायचे. तुझा डावा हात अगदी तसा पडतो. मागच्या नाताळआधीच्या आगमनकाळात मी डोळे मिटून ऐकत होते, तेव्हा क्षणभर नानाच बसलेत असं वाटलं. हे तुला तेव्हाच सांगायचं होतं.

वेळेवर जेवत जा. रात्री उशिरा रिक्षाने एकटी येऊ नकोस. पाळकसाहेबांनी सलाम सांगितलाय. रविवारी मी वाजवते आहे, बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत, पण होतं.

पप्पांनी नानांच्या पायपेटीचा भाता नवीन कातडं लावून घेतलाय. ट्रान्सपोर्टने नागपूरला नीट जाते म्हणतात. नको असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. हवी असेल तर खिडकीखालची भिंत किती फूट आहे ते मोजून कळव.

तुझी,
मम्मी